व्यसनाचा रकाना

शहाड स्टेशनच्या मागच्या गल्लीत मारुतीचं सोफे दुरुस्तीचं दुकान आहे. म्हणजे मारुती त्याला दुकान म्हणतो. बघणाऱ्याला फोमचा ढीग आणि त्यात बसलेला बावन्न वर्षांचा माणूस एवढंच दिसतं. पुढे फोम कापणं, खिळे ठोकणं मारुतीचं, मागे मशीनवर कव्हरं शिवणं बायकोचं, शेवंतीचं. गिऱ्हाईक मात्र बहुतेक घोडबंदर रोडचं. तिथली माणसं दिवसभर ऑफिसात बसतात आणि घरी येऊन पुन्हा सोफ्यावर बसतात, त्यामुळे मारुतीला कामाची ददात कधी पडली नाही.

तिथल्याच एका सव्विसाव्या मजल्यावर काम करताना त्याच्या अंगठ्यात खिळा घुसला. मॅडमने पट्टी आणून दिली आणि सहज विचारलं, "काका, तुमचं मेडिक्लेम असेल ना? कंपनीकडून?"

"मॅडम, आमची कंपनी म्हणजे मी आणि माझी कात्री," मारुती म्हणाला.

हसण्यावारी नेलं खरं, पण शब्द डोक्यात राहिला. गल्लीतल्या टेम्पोवाल्या बाबुरावांच्या हृदयाचं ऑपरेशन मागच्या वर्षी झालं होतं, आणि तेव्हापासून ते टेम्पोवाले राहिले नव्हते. आपलं असं झालं तर विकायला आहे काय, फोम? आठवडाभर हा प्रश्न चघळून मारुतीने मुलीला, रसिकाला, सांगितलं, आणि रसिकाने विम्याचं काम करणाऱ्या आपल्या वर्गमित्राला, ऋतुराजला, घरी बोलावलं. तिघांना मिळून पाच लाखांची पॉलिसी, वर्षाला सव्वीस हजार. आकडा ऐकून मारुती दोनदा पाणी प्यायला, पण 'हो' म्हणाला.

आता इथे मारुतीचा एक स्वभाव सांगायला हवा. काही वर्षांपूर्वी नदीचं पाणी दुकानात शिरलं होतं. दुकानाचा विमा होता, पण फॉर्मवर मालाच्या जागी नुसतं 'फोम' लिहिलेलं होतं. कंपनीने फोमचे पैसे दिले आणि कापडाचे दिले नाहीत. कापड लिहिलंच नव्हतं, म्हणजे कापड नव्हतंच. मग भिजलं कुठून? तेव्हापासून मारुतीने कानाला खडा लावला. फॉर्म म्हटला की जे आहे ते सगळं लिहायचं, आणि शंका आली तर दोनदा लिहायचं.

ऋतुराजने "आधीचे आजार?" म्हटलं मात्र, मारुती सुरू झाला. बालपणीच्या कांजिण्या. टायफॉइड. ऐन तारुण्यात टेंभी नाक्याच्या दहीहंडीत चौथ्या थरावरून पडून मोडलेला डावा हात. परवाचा अंगठा. मग रसिकाला चहा टाकायला आत पिटाळून, हळू आवाजात, मूळव्याध. ऋतुराजने तीन जादा कागद जोडले.

"काका, हा फॉर्म आहे, आत्मचरित्र नाही."

"लिही रे तू. उद्या म्हणतील, सांगितलं नव्हतं."

शेवंतीचा रकाना मात्र चुटकीसरशी संपला. आजार? "मला काय धाड भरलीय!" व्यसन? यावर नवराबायको दोघंही खो खो हसली. "हिला? अरे, हिला चहासुद्धा लागत नाही," मारुती अभिमानाने म्हणाला. ऋतुराजने 'नाही'वर खूण केली.

चार दिवसांनी दुपारच्या जेवणानंतर कंपनीच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. कॉल रेकॉर्ड होतोय असं कळल्यावर शेवंतीने पदर नीट केला. मारुतीने फोन स्पीकरवर टाकला.

"काकू, बीपी, शुगर?"

"न्हाई ओ."

"तंबाखू, गुटखा, काही खाता?"

"आजाबात न्हाई."

मग डॉक्टरीणबाई काळजीने म्हणाल्या, "काकू, तुमचं बोलणं जड येतंय. कधी लकव्याचा झटका वगैरे येऊन गेला का?"

"न्हाई ओ, थांबा वाईच. तोंडात मशेरी हाय. चूळ भरून येते."

शेवंती मोरीत गेली. मारुतीलाही यात काही वावगं वाटलं नाही.

"काकू," ती परत आल्यावर बाई म्हणाल्या, "मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच ना?"

"छ्या! तंबाखू पुरुष खात्यात. मशेरी आपण लावतो. खाणं येगळं, लावणं येगळं."

"दिवसातून किती वेळा लावता?"

"लई न्हाई. चारदा."

संध्याकाळी ऋतुराज धावत आला. "काका, मूळव्याधीला पाऊण पान दिलंत आणि हे सांगितलं नाहीत?"

मारुतीचा चेहरा पडला. तीस वर्षं दर महिन्याला कल्याणच्या बाजारातून तोच ती पानं आणत होता. "मशेरीची पानं द्या" म्हणायचा, दुकानदार द्यायचा. ती पानं तंबाखूची असतात हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. पण शेवंतीने ती तव्यावर भाजून, कुटून डबीत भरली की त्यांची तंबाखू राहत नव्हती, दात घासायची वस्तू होत होती. सगळ्या गल्लीचा हाच हिशेब होता.

"एक आयडिया आहे," ऋतुराज म्हणाला. "कंपनीचं पुढचं ऑफिस हिंदीवालं आहे. सांगू, काकू मिश्री म्हणाल्या. हिंदीत मिश्री म्हणजे खडीसाखर."

"दिवसातून चारदा खडीसाखर?" रसिका म्हणाली. "मग शुगरची तपासणी लावतील."

"नाहीतर काकूंना वगळू या. तुमचं दोघांचं लगेच होईल. स्वस्तही पडेल."

"घ्या की तुमा दोघांचं," शेवंती म्हणाली. "मला काय होतंय?"

मारुती भडकला. "हिला वगळायचं? हिला वगळून या घरात उरतंय काय, मी आणि फोम? घेईन तर तिघांचं, नाहीतर कुणाचंच नाही." त्याने ऋतुराजच्या हातातलं पेन घेतलं आणि चौथ्या जादा कागदावर स्वतः लिहिलं : 'पत्नी मशेरी लावते. दिवसातून चार वेळा. पाने नवरा आणून देतो.'

कंपनीने तोंडाची तपासणी मागितली. कल्याणच्या दातांच्या डॉक्टरांनी शेवंतीचा गाल आतून बॅटरी मारून पाहिला, पुन्हा पाहिला. आत हरभऱ्याच्या डाळीएवढा पांढरा चट्टा होता.

"तिखट कधीपासून झोंबतंय?"

"सा महिने झालं," शेवंती म्हणाली.

मारुती बघतच राहिला. सहा महिने ती त्याच्या ताटात झणझणीत कालवण वाढत होती आणि स्वतः दहीभात खात होती. त्याला वाटायचं, हिचा काहीतरी उपास असेल. "अगं, सांगायचं नाहीस?"

"सांगितलं असतं तर दवाखान्यात न्हेलं असतंसा. दवाखाना फुकाट असतुया व्हय?"

मारुतीचे डोळे भरून आले आणि तो भिंतीवरचं दातांचं चित्र बघत बसला. आयुष्यभर आपल्या मोडलेल्या हाताचं, मूळव्याधीचं कौतुक सांगत आलो, आणि हिने कधी 'हाय' म्हटलं नाही, याची त्याला लाज वाटली.

"आत्ता सोडलीत तर बहुतेक चट्टा जाईल," डॉक्टर म्हणाले. "तीन महिन्यांनी बघू." कंपनीनेही अर्ज तीन महिने पुढे ढकलला.

ते तीन महिने काय विचारू नका. शेवंतीच्या हातात ब्रश आला आणि घरातली शांती गेली. पहिल्या आठवड्यात तिने दोन गिऱ्हाइकांना हाकललं आणि एका सोफ्याला पडद्याच्या कापडाचं कव्हर शिवलं. पोट साफ होईना, डोकं दुखे, नवऱ्याचं तोंड बघवेना. शेजारच्या शांताबाई "एक चिमूट, कुणाला कळतंय?" म्हणत आल्या, तर तिने त्यांनाही पिटाळलं आणि मग त्या गेल्या म्हणून रडली. मारुती रोज बडीशेप आणून द्यायचा आणि बोलणी खायचा. पण तिने डबीला हात लावला नाही.

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी बॅटरी मारली. गाल स्वच्छ होता.

पॉलिसी रसिकाच्या मोबाइलवर आली. सव्वीसचे एकतीस हजार झाले होते, पण नावं तिन्ही होती. रसिकाने मोठ्याने वाचून दाखवलं. शेवंतीने शिलाईचं मशीन थांबवलं.

"पाच लाख माझं एकटीचं?"

"नाही आई, तिघांत मिळून."

"म्हंजी मी आदी आजारी पडले तर तुमा दोगांचं संपलं की!"

"संपव," मारुती म्हणाला. "सगळे तूच संपव. मी तेवढ्यासाठीच घेतलीय. पण यापुढे काही दुखलं-खुपलं तर लपवायचं नाही. आधी मला सांगायचं."

शेवंतीने मशीनवरचं कव्हर बाजूला सारलं.

"सांगू?"

"सांग."

"डावा गुडगा दुकतुया. दोन वर्सं झाली."

मारुतीचा हात खिशातल्या फोनकडे गेला. "हॅलो, ऋतुराज? अरे, त्या फॉर्मवर अजून जागा आहे का रे?"