रुखमाबाईच्या माळ्यावरची ताटं

रुखमाबाईला जगात फक्त पालीची भीती वाटते. शाळेच्या मागून बिबट्या गेला तेव्हा तिनं खिचडीचं गंज चुलीवरून उतरवलं, दार लावलं आणि पोरांना पाढे म्हणायला बसवलं. त्याच शाळेत एकदा तांदळाच्या पोत्यावर पाल दिसली, तर बाई थेट हेडमास्तरांच्या टेबलावर चढली. मास्तर तेव्हा टेबलाशीच बसले होते.

आमचं चिचटोला धानोऱ्यापासून चार कोसांवर, मधे सगळं जंगल. इथल्या शाळेत रुखमाबाई वीस वर्षांपासून खिचडी शिजवते. गावातल्या एकूण एक तरण्या पोराच्या पोटात तिच्या हातचा भात गेलेला आहे. मी इसरू, गावचा टपालवाला होतो, आता घरी बसून लोकांच्या खोड्या काढतो. टपालवाल्याला सगळ्या घरांची दारं माहीत असतात. मी मात्र एका दाराशी चौदा वर्षं गेलो नाही, आणि ते माझ्या घरासमोरच आहे.

रुखमाबाईची हौस एकच, पाहुण्यांची. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. दिवसा दुकानं, रात्री नाटक. नाटक आपलं नावाला, खरा मान पाहुण्यांचा. लेकी माहेरी येतात, सोयरिकी जुळतात, जुने रुसवे निघतात आणि घरोघरी पंगती बसतात. ज्याच्या ओट्यावर मंडईला चार परक्या चपला दिसत नाहीत, त्याला गावात कोणी मोजत नाही. रुखमाबाईचं घर दीड खोलीचं. तिचा सख्खा भाऊ मंडईला यायचा आणि जेवायला दुसरीकडे जायचा.

"माया हातचं साठ पोरं रोज जेवतेत," ती म्हणायची, "अन् एका भावाले बसवाले जागा नाई. हे का जिनं झालं?"

मागच्या भादव्यात तिच्या त्या दीड खोलीतली एक भिंत पावसानं घेतली. उरलं ते घर म्हणायच्या लायकीचं नव्हतं. गावात रिकामं घर एकच होतं, माझ्या समोरचं. चार खोल्या, मोठं आंगण, वर माळा. ते पत्रूचं घर.

तिथे काय झालं ते मला ऐकून माहीत नाही, मी तिथेच होतो. चौदा वर्षांपूर्वीची मंडई, भर दुपार, आंगणात पंगत बसलेली. पत्रू आणि त्याचा मोठा भाऊ नानाजी यांच्यात शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, जुनं भांडण होतं. त्या दिवशी नानाजी मोहाची पिऊन आला, पंगतीतल्या कोणीतरी त्याला डिवचलं, आणि त्यानं लाकडं फोडायची कुऱ्हाड उचलली. पत्रू वड्यांची टोपली घेऊन वाढत होता. तो तिथेच पडला. आम्ही तीसेक माणसं होतो. नानाजीला धरायला एकही पुढे झाला नाही. सगळे ताटावरून उठलो आणि खरकट्या हातांनी पळालो. नानाजी पुढे तुरुंगातच वारला. पत्रूची बायको शकुबाई घराला कुलूप लावून मुलचेऱ्याकडे भावाच्या गावी गेली.

मग भूत आलं. दुपारच्या वेळी त्या घरात ताटं वाजतात, पंगत बसल्यासारखा आवाज येतो, असं एकानं सांगितलं. दुसऱ्यानं त्यात भर घातली, तिसऱ्याला वड्यांचा वास आला. ताटांचा आवाज मी स्वतः ऐकला आहे. वासाचं मात्र गावानं जोडलं.

सोमाजी म्हणजे रुखमाबाईचा नवरा. जंगल डेपोत लाकडं मोजतो आणि दिवसाकाठी वीस शब्द बोलतो. त्यातले दहा खर्च करून त्यानं शकुबाईला फोन लावला. ती म्हणाली, "राहा. घरात कोनी राहिन तर टिकन. फक्त आंगनातली मोठी चूल मोडू नोका."

आठ दिवसांत बुद्ध-बाबासाहेबांची तसबीर भिंतीवर लागली, वंदना झाली, मेणबत्त्या लागल्या. मी समोरच्या ओट्यावरून सगळं पाहत होतो. न राहवून हाक मारली, "रुखमाबाई, भेव नाई लागत का वो?"

"आमी भूतगीत मानत नाई, इसरूभाऊ," ती झाडू मारता मारता म्हणाली. "पन इथी पाली लय आहेत."

सोमाजीही भूत मानत नाही. तो फक्त मागच्या खोलीत एकटा कांदे आणायला जात नाही.

राहायला आल्यावर चौथ्या दिवशी भर दुपारी माळ्यावर ताटं वाजली. सोमाजी आंगणात येऊन उभा राहिला. रुखमाबाईनं वर पाहिलं आणि बारावीतल्या लेकीला, संघप्रियाला, म्हणाली, "तू आधी चढ. पाल असन तर सांग." पोरगी चढली. पाल नव्हती. उदमांजर होतं, पोत्यांच्या आडोशाला तीन पिल्लं घालून बसलेलं. त्याची ये-जा ज्या ढिगाऱ्यावरून होती, तो ताटांचा होता. आमच्या गावाला चौदा वर्षं एका मांजरीनं घाबरवलं, हे लिहितानाही मला राग येतो.

ताटं एकतीस निघाली. काही स्टीलची, काही पितळी, आणि कितीतरी ताटांना वाळून दगड झालेला भात चिकटलेला. संघप्रियानं एक पुसून पाहिलं तर काठावर ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं. मग दुसरं, तिसरं. एकतीस ताटांवर गावातल्या एकवीस घरांची नावं.

आमच्याकडे पंगतीला पत्रावळी चालते, पण मंडईच्या पाहुण्याला ताट लागतं. एवढी ताटं एका घरात नसतात, म्हणून शेजारपाजारहून मागून आणायची आणि दुसऱ्या दिवशी धुऊन, नाव पाहून परत करायची. लग्नातलं भांडं असो की माहेरचं, बाई त्यावर नाव कोरून घेतेच. त्या मंडईला आम्ही सगळ्यांनी पत्रूकडे ताटं दिली होती. मागायला मात्र कोणी गेलं नाही. शकुबाईच्या दारात उभं राहून "आमचं ताट दे" म्हणायचं तोंड कोणाकडे होतं?

दुसरी कोणी असती तर तिनं ताटं घरोघर पोचवली असती. रुखमाबाईनं ती चिंच आणि राख लावून दोन दिवस घासली, आंगणात उन्हाला लावली, आणि मग घरोघर निघाली. रिकाम्या हातांनी.

"तुमचं ताट माया घरी आहे," ती प्रत्येक दारात सांगे. "मंडईले या, त्यातच जेवा अन् घेऊन जा."

"पोरीच्या हाती पाठवून दे ना," लोक म्हणत.

"ताट भेटन. पन जेवल्यावर."

गावाला हे झेपेना. कोणाला भुताचं भेव, कोणाला त्या दिवसाची लाज. आणि काही जणांना भुताचं निमित्त बरं सापडलं. बौद्धाच्या घरी जेवायचं नाही हे आजकाल तोंडानं म्हणता येत नाही, मग भूत आहे म्हणायचं. त्यांचीच पोरं रोज शाळेत तिच्या हातचा भात चाटून-पुसून खातात, ते चालतं. माझ्या दारी आली तेव्हा मीही म्हणालो, "माहं पोट बरं नाई." माझं पोट ठणठणीत होतं.

सोमाजीनं एवढ्या वर्षांत पहिल्यांदा आवाज चढवला तो त्या रात्री जेवताना. सकाळी संघप्रियानंच मला सांगितलं. मंडईला एकही माणूस आला नाही तर हे घर सोडायचं, जुन्या भिंतीवर टिनं टाकून तिथेच मरायचं, असं तो म्हणाला. वाळीत पडल्यासारखं त्याला राहायचं नव्हतं. रुखमाबाई म्हणाली, "ठीक आहे." तिनं शब्द दिला की दिला. म्हणजे एका दुपारीवर चार खोल्यांचं घर आणि तिची जन्माची हौस, दोन्ही टांगलेली होती.

मंडईचा दिवस उजाडला. पाळणे लागले, जिलेबीची कढई चढली, नाटकाची गाडी लाउडस्पीकरवर ओरडत गावभर फिरली. रुखमाबाईनं पहाटेपासून आंगणातली मोठी चूल पेटवली होती. वांगं-आलूची भाजी, भात, वरण, जवसाची चटणी आणि लाखोरीच्या डाळीचे वडे. वास माझ्या ओट्यापर्यंत आला. या वेळी तो खरा होता.

बारा वाजता तिनं आंगणात दोन रांगांत ताटं मांडली. एकतीस. ऊन पडून ती नुसती चमकत होती. एक वाजला. रस्त्यानं माणसं जात होती, या घराशी आली की मान वळवून पलीकडच्या पानठेल्याकडे पाहत होती. रुखमाबाईचा भाऊ गावात आला होता, पण त्याची बायको अडून बसली, म्हणून तो चौकातल्या हॉटेलात चहावर चहा पीत होता. दीड वाजला. सोमाजीनं उंबरठ्यावर बसून बिडी लावली. रुखमाबाई ताटांवरच्या माश्या वारत उभी होती. तिनं नवं हिरवं लुगडं नेसलं होतं. मला तिच्याकडे पाहवेना आणि ओट्यावरून उठवेनाही.

पावणेदोनला काळी-पिवळी जीप थांबली आणि शकुबाई उतरली. केस पार पांढरे, हातात कापडी पिशवी. रुखमाबाईनं फोन करून बोलावलं होतं, पण ती येईल असं तिलाही वाटलं नव्हतं. रस्त्यावरची माणसं जागच्या जागी थांबली.

शकुबाई आंगणात आली. जिथे पत्रू पडला होता तिथे थोडा वेळ उभी राहिली. मग चुलीकडे पाहिलं, तिच्या दगडावर हात ठेवला. ताटांच्या रांगेतून चालत गेली. तिला वाचता येत नाही, पण एका ताटाच्या काठाला पोचा होता, त्यावरून तिनं आपलं लग्नातलं ताट ओळखलं. त्याच्यासमोर मांडी घालून बसली.

"तुमीच ठेवले होते का वो वर?" रुखमाबाईनं विचारलं.

"मीच ठेवले. धुवाची ताकत नवती बाई." तिनं ताट पुढे ओढलं. "त्या दिवशी सकारपासून रांधत होती. सगळ्याईले वाढलं. मी अन् हे मागून बसनार होतो. ते राहूनच गेलं. आता तू वाढ मले."

रुखमाबाईनं वाढलं. आधी भात, मग वरण, वर दोन वडे. शकुबाईनं पहिला घास घेतला आणि समोर पाहिलं. तिची नजर रस्ता ओलांडून माझ्या ओट्यावर आली.

"इसरूभाऊ," ती म्हणाली, आवाज न चढवता. "तुमी बी अर्ध्या ताटावरून उठले होते. या ना. भात थंडा होते."

मी गेलो. पाय कसे उचलले ते विचारू नका. माझ्या मागून शाळेची पोरं घुसली, त्यांना रुखमाबाईच्या भाताची लाज कधीच नव्हती. पोरांना परत आणायला आया आल्या, आयांना शोधत बाप आले, आणि आपल्या नावाचं ताट समोर दिसल्यावर बरेच जण खाली बसले. सगळे नाही आले. सात ताटं शेवटपर्यंत रिकामी राहिली. ती कोणाची, हे मला ठाऊक आहे. चौकातून रुखमाबाईचा भाऊ आला, एकटा, पोटात सहा चहा घेऊन. सोमाजी वडे वाढायला लागला आणि प्रत्येकाला "घ्या गा, घ्या गा" म्हणत सुटला. वर्षभराचे शब्द त्यानं त्या दुपारी संपवले.

माझ्यापुढे रुखमाबाईनं जे ताट ठेवलं ते पितळी होतं. काठावर नाव होतं, इतवारी. माझी बायको. ताट तिच्या आईनं दिलं होतं. मंडईनंतर ती रोज म्हणायची, माझ्या मायचं ताट आणून द्या. रस्ता ओलांडायची हिंमत माझ्यात नव्हती, म्हणून मी सांगितलं की पोलिसांनी जमा केलं. तिनं विश्वास ठेवला. अकरा वर्षं ती जर्मनच्या, अॅल्युमिनियमच्या ताटात जेवली आणि तशीच गेली. ताट सगळा वेळ वीस पावलांवर होतं.

हे सगळं मी रुखमाबाईला तिथेच, भरल्या पंगतीत सांगून टाकलं. रडलो, लपवत नाही. ती ऐकून घेऊन म्हणाली, "आधी जेवा." मी जेवलो. ताटात शीत ठेवलं नाही.

जेवणं झाल्यावर लोक आपापली ताटं धुऊन घेऊन गेले. मी माझं धुतलं, पुसलं आणि घेऊन उभा राहिलो. घरी नेऊन ते कोणाला दाखवणार होतो?

रुखमाबाईनं ते माझ्या हातातून घेतलं. "राहू द्या इथीच," ती म्हणाली. "मंडईले तुमाले वाढीन तवा वयनीचं बी वाढीन."

आता त्या माळ्यावर आठ ताटं आहेत. सात रिकामी राहिलेली आणि एक इतवारीचं. उदमांजर अजून तिथेच आहे. दुपारी कधी ताटं वाजतात, आणि मी ओट्यावर बसून ऐकतो.