दुसऱ्या पुस्तकाचं नाव

सुलक्षणा राणे अंधेरीच्या एमआयडीसीत एका कारखान्यात ट्रेसर होती. साहेबांनी पेन्सिलीने काढलेली यंत्रांची ड्रॉइंग्ज शाईने गिरवायची, हे तिचं काम. मालाडच्या एका खोलीत ती आणि तिची आई, रुक्मिणी, दोघीच राहत.

ऑफिसातल्या नंदकिशोरला मावसभावाने अमेरिकेहून एक खेळ पाठवला होता. त्यात पट नाही, सोंगट्या नाहीत. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली माणसं व्हायचं, आणि वाटेत राक्षस आडवा आला की फासे टाकून लढायचं. दर रविवारी गोरेगावला त्याच्या मित्राच्या, विद्याधरच्या घरी मंडळी जमत; सुलक्षणाही जाई. राक्षसांची माहिती देणारी पुस्तकं परदेशात मिळत. इथे कुठली मिळायला? मग त्यांनी स्वतःच एक तयार केलं. मजकूर विद्याधरचा, चित्रं सुलक्षणाची, आणि ‘राक्षस आले दारी’ हे नाव नंदकिशोरचं. सायक्लोस्टाइल केलेल्या प्रती कॉलेजच्या पोरांनी हातोहात उचलल्या.

सत्त्याऐंशी साली दुसरं पुस्तक निघालं, कोकणातल्या भुतांचं. मुंजा, खवीस, गिरा, सगळ्यांची माहिती मूळच्या तिकडच्याच सुलक्षणाने पुरवली. हडळीबद्दल मात्र ती काही बोलली नव्हती. ते पान विद्याधरने ऐकीव माहितीवरच लिहिलं.

“या वेळचं नाव मी ठरवूनच आलोय,” नंदकिशोर म्हणाला. “‘हडळींचा बाजार’! कव्हरवर एकच हडळ, पाय उलटे. झकास ना?”

“हे नाव नको,” सुलक्षणा म्हणाली.

“का गं? घाबरलीस?”

“हडळ कोण होते, माहीत आहे तुला?”

“बाळंतपणात मेलेली बाई. लिहिलंय की विद्याधरने.”

“माझी जानकीताई बाळंतपणात गेली.”

नंदकिशोरने हातातला कागद खाली ठेवला. मग तिनेच सांगितलं. ताईचं सासर कणकवलीच्या आतल्या गावात. डॉक्टरकडे नेता नेता वाटेतच ती गेली, पोटातलं मूलही गेलं. ती हडळ होऊन परत येईल म्हणून सासरच्यांनी स्मशानापासून दारापर्यंत राळ्याचे दाणे पेरले, म्हणजे ते वेचण्यातच तिची रात्र सरेल, आणि उंबऱ्यात खिळे ठोकले. आईने ते उभं राहून पाहिलं होतं.

“तिला घरीच यायचं असणार रे,” सुलक्षणा म्हणाली. “आणि घरच्यांनीच वाट बंद केली.”

नंदकिशोर चाचरला. “सुलू, खेळ आहे गं हा.”

“खेळच आहे. पण तिला कव्हरवर बाजारात उभं करणं माझ्या हातून व्हायचं नाही.”

“मग ते पानच काढून टाकू,” विद्याधर म्हणाला.

सुलक्षणाला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. मग तिने मान हलवली. “नको. इथेही तिला बाहेरच ठेवायचं?”

तिने सगळी पानं पुन्हा चाळली. मुंजा, म्हणजे मुंज होऊन लग्नाआधीच गेलेला पोरगा. गिरा, म्हणजे बुडून मेलेला माणूस. “यातलं कुणी राक्षस नाहीच रे,” ती म्हणाली. “माणसंच आहेत सगळी. मागे राहिलेली.”

“‘मागे राहिलेले’,” विद्याधर हळूच म्हणाला, आणि त्याने ते कागदावर लिहून पाहिलं.

“कोण घेणार असलं पुस्तक? सुतकी वाटतं अगदी,” नंदकिशोर कुरकुरला. पण त्याने हट्ट धरला नाही. हडळीच्या पानावर विद्याधरने एक ओळ वाढवली: ‘हिच्याशी लढता येतं, पण आधी हिला काय हवंय ते विचारा.’

नंदकिशोरचं म्हणणं खरं ठरलं. पुस्तक फारसं खपलं नाही. गठ्ठे विद्याधरच्या खाटेखाली पडून राहिले.

एक प्रत सुलक्षणाने घरी आणली. रुक्मिणीला वाचता येत नव्हतं.

“ह्या कसला पुस्तक गो?”

“खेळाचा.”

“नाव काय तेचा?”

“मागे रवलेले.”

रुक्मिणी पानं उलटत एका चित्रापाशी थांबली. कडेवर मूल घेतलेली एक बाई दाराबाहेर उभी होती. ती कोण, हे तिने विचारलं नाही. तिने चित्रावर हात ठेवला.

“केस कित्याक सोडलंस तिचे?” ती म्हणाली. “जानकी कधी केस सोडून रवत नव्हती.”

सुलक्षणाने पेन आणलं, आणि आईच्या शेजारी बसून त्या बाईला अंबाडा काढला.