शेठच्या गाडीची गादी

आमच्या धरमतरच्या मिठागराचा शेठ मुंबईचा. त्याच्या नव्या गाडीत थंड हवा, बटण दाबलं की काच खाली, गादी अशी की खड्डा कळायचा नाय. बायको तापाने फणफणली तेव्हा तिला पेणच्या दवाखान्यात न्यायला मी त्याला हात जोडले.

"चिखलाचे पाय तुमचे, सीट खराब होईल," तो म्हणाला.

टेम्पोत हादरे खात ती पेणच्या वाटेवरच गेली.

पुढच्या अवसेला सकाळी त्याने गाडी खाडीच्या बांधाखाली लावली नि मिठाच्या राशी बघायला गेला. अवसेला दुपारी उधाण येतं, हे त्याला काय ठाऊक! मी मुद्दाम बोललो नाय. खारं पाणी गादीवर चढलं.

"तुला माहीत होतं ना रे?"

"व्हय शेठ. सीट पुसायला फडकं आणलंय, तिच्याच लुगड्याचं."