तिरफळांचा रविवार

माझ्या पोटात काही राहत नाही, हे आमच्या सोसायटीत वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. तरी त्या आठवड्यात मी एक बेत गुप्त ठेवायचा ठरवला होता. रविवारी दुपारचं जेवण मी करणार, बांगड्याचं तिखलं, चांगली तिरफळं घालून, आणि बायकोला आधी काही कळू द्यायचं नाही. सोमवारी ठरवलं आणि शनिवारपर्यंत तिला सोडून सगळ्यांना सांगून झालं होतं.

बायकोला दोन वर्षांपूर्वी ताप आला होता. चार दिवसांत उतरला, पण जाताना तिचं नाक घेऊन गेला. वासच येईना. हिंगाचा नाही, फिनेलचा नाही, काही नाही. आणि तिचं नाक म्हणजे काय साधं नाक होतं का? मी बाजारातून आलो की पिशवी उघडायच्या आत ती आतूनच सांगायची, "कालचे आहेत, परत देऊन या." बाजारातल्या मासेवाल्या तिला टरकून असायच्या. मी पस्तीस वर्षं त्या नाकाच्या धाकात काढली. कंपनीतून सुटताना एखादी सिगरेट ओढली, वर मूठभर बडीशेप चावली, तरी दारात पाऊल टाकताच ती फक्त बघायची. मी गपचूप आंघोळीला जायचो.

डॉक्टर म्हणाले, वास परत येईलही, कदाचित नाही येणार. रोज लवंग, लिंबू, कॉफी, गुलाबपाणी हुंगत राहा. तिने सात-आठ महिने इमानदारीत चार बाटल्या हुंगल्या. मग एक दिवस त्या धुतल्या आणि त्यात राई-जिरं भरून टाकलं. रडली नाही, कुरकुरली नाही. स्वयंपाक हाताच्या अंदाजाने करायची, पण मासे जवळजवळ बंदच झाले. "कशासाठी एवढा खटाटोप, मला कळणार थोडंच आहे," म्हणायची. मला त्या वाक्याचा फार राग यायचा आणि राग कोणावर काढावा तेच कळायचं नाही.

त्यात सहा महिन्यांपूर्वी नात झाली. लेक बोरिवलीला असते. बारशाला कोणीतरी बाई कौतुकाने म्हणाली, "हुंगून बघा हो आजी, बाळाच्या टाळूचा वास जगात दुसरीकडे मिळत नाही." हिने बाळाच्या डोक्यावर नाक टेकवलं, हसली आणि "छान" म्हणाली. परत येताना टॅक्सीत घाटकोपर येईपर्यंत एक अक्षर बोलली नाही. मीही बावळटासारखा ट्रॅफिकला शिव्या घालत बसलो. तेव्हापासून मी पाहत होतो, नात मांडीवर आली की ही हळूच तिच्या डोक्याशी नाक न्यायची, क्षणभर थांबायची आणि मग दुसरंच काहीतरी बोलायची.

तर तो सोमवार. गणपतीला गावी गेलेल्या ओळखीच्या माणसाबरोबर मालवणहून माझ्या ताईने पिशवी पाठवली होती. कोकमं, काजू आणि वर्तमानपत्रात बांधलेली तिरफळं. तिरफळ म्हणजे मिऱ्यापेक्षा जरा मोठं, वाळून तोंड उघडलेलं फळ. आम्ही ते बांगड्यात घालतो, वासासाठी. वास असा की एकदा आला की दुसरं काही आठवत नाही. बायकोने पुडी सोडली आणि तिचा हात थांबला. मान किंचित तिरकी झाली.

"काय गं?"

"काही नाही. उगाच वाटलं."

तिने पुडी बांधली, वरच्या फळीवर ठेवली आणि भांडी घासायला गेली. पण माझी ट्यूब पेटली होती. उगाच वाटलं म्हणजे काहीतरी वाटलंच ना? मग पुडीतल्या सुक्या तिरफळांनी एवढं होतं, तर गरम तिखल्यात ठेचून घातल्यावर काय होईल? मला त्या दिवशी दुपारी झोप लागली नाही. वय वर्षं सहासष्ट, आणि शाळेची सहल ठरल्यासारखा मी घरभर फिरत होतो.

कॅलेंडर काढलं. अनंत चतुर्दशी होऊन गेली होती आणि एकदा घट बसले की आमच्याकडे नऊ दिवस मासे नाहीत. मधे दोन रविवार. पहिला कालच संकष्टीने खाल्लेला. दुसऱ्यावर एकादशी, पण आम्ही आषाढी-कार्तिकी सोडून कुठल्या एकादशीला भीक घालत नाही. वडिलांचा म्हाळही त्याच्या आधी उरकत होता. म्हणजे रविवार सापडला.

आता मला स्वयंपाक येतो का, तर नाही. चहा येतो. पण कंपनीत पस्तीस वर्षं स्टोअर सांभाळलं, यादी करण्यात कोणाच्या बापाला ऐकत नाही. यादी केली आणि पाककृती विचारायला ताईला फोन लावला.

"तू जेवण करतलस?" ताई हसायलाच लागली. "गॅस पेटवूक तरी येता काय तुका?"

मी तिला सगळं सांगितलं, पुडी, थांबलेला हात, तिरकी मान. मग ती वही घेऊन बस म्हणाली आणि सावकाश सगळं सांगितलं, मिरच्या किती भिजवायच्या, कोकमं कधी टाकायची. "आणि तिरफळां पाच-सहाच घाल हां. जास्त घातलंस तर जीभ बधिर होतली." फोन ठेवताना म्हणाली, "वयनीक सांगू नको म्हणतस खरा, पण तुझ्या पोटात काय रवतला?"

मी म्हटलं, "बघच तू."

दुसऱ्या दिवशी बाजारात आमच्या नेहमीच्या कोळणीला सांगितलं. ती माझ्याहून वीस वर्षांनी लहान, पण सगळ्या गिऱ्हाइकांना तूच म्हणते. "रविवारी बांगडे पाहिजेत. मी करणार आहे. काकीला बोलू नकोस."

"तू करनार?" तिने कोयत्यावरून मान वर केली. "मग डझनभर ने. अर्धे जाळशील." तिरफळांचं काढलं तर नाक मुरडून म्हणाली, "आमच्यात नाय घालत तिरफळ-बिरफळ. पन काकीसाठी ताजे बाजूला ठेवते. तिचा नाक गेल्यापासून बाजारात मजाच नाय राहिली, कोन भांडतच नाय." मी घाईघाईने कोथिंबीर घ्यायला पुढे सटकलो.

मग लिफ्टमध्ये समोरच्या गुजराती बाई भेटल्या. आम्ही मासे तळले की त्या न चुकता खिडकी लावून घेतात, मोठा आवाज करून. त्यांना सांगणं हे तर कर्तव्यच होतं. त्या म्हणाल्या, "रविवारी मी बेनकडे मुलुंडला जाते. करा बिनधास्त." मजला आला, दार उघडलं, तरी त्या उतरेनात. "भाभीला वास आला तर मला फोन करा हां," म्हणाल्या आणि मग उतरल्या.

एकटी लेक तेवढी खूश झाली नाही. मी फोनवर बेत सांगत होतो, तुम्ही बाराला या, मी खिडक्या लावून घेणार, आईला टेबलाशी बसवणार आणि बरोबर तिच्या नाकासमोर झाकण काढणार. ती ऐकत होती. मग म्हणाली, "बाबा, आणि नाही आला तर?"

"येणार."

"बाबा, तू जरा थांब ना. तुझं नेहमीचंच आहे, उतावळा नवरा. सगळे तिच्या तोंडाकडे बघत बसणार आणि तिला परत 'छान' म्हणावं लागणार. बारशाला मी बघितलंय तिला."

मी चिडलो. एवढंच असेल तर येऊ नका म्हणालो. फोन आपटला आणि पाच मिनिटांनी परत लावला. "बांगडे डझनभर सांगितलेत," मी म्हणालो. "येतोय रे आम्ही," ती म्हणाली. पण तिचा प्रश्न काही डोक्यातून गेला नाही.

रविवारी पहाटेच उठलो. आदल्या संध्याकाळी परतीचा पाऊस पडून गेला होता आणि बाजारात पोचेपर्यंत ऊन असं लख्ख पडलं की मला तो शुभशकुनच वाटला. बाजारातून परत आलो तर बायको चहा पीत पेपर वाचत होती. बांगड्यांची पिशवी बघून तिने "हं" केलं, बस्स. मी म्हटलं, "आज तू स्वयंपाकघरात यायचं नाही."

"नाही येत," ती म्हणाली. काहीच विचारलं नाही. आत गेलो तर ओट्यावर कोकमं भिजवलेली, लसूण सोललेला, मिठाची बरणी पुढे काढलेली आणि वरच्या फळीवरची तिरफळांची पुडी खाली, माझ्या हाताशी ठेवलेली. आयला, म्हणजे हिला कळलं होतं. नंतर समजलं, कोळणीने बुधवारीच फोडलं होतं.

लेक-जावई आणि नात वेळेवर आले. मी घामाघूम. मिरची वाटून, परतून, बांगडे सोडून झाले. सहा तिरफळं मोजून ठेचली आणि टाकली. वाकून वास घेतला. मला काही खास येईना. मिरचीच्या खाटाने माझंच नाक चोंदलं होतं, पण तेव्हा ते कुठलं सुचायला? म्हटलं, मला येत नाही तर तिला काय येणार? आणखी सहा टाकली. मग लेकीचं 'नाही आला तर?' आठवलं आणि पुडीच उपडी केली.

झाकण ठेवलं, खिडक्या लावल्या, बायकोला टेबलाशी बसवलं. जावई उगाच मोबाईल बघत होता. लेकीने नात घट्ट धरली होती. मी पातेलं तिच्यासमोर ठेवलं आणि झाकण काढलं.

बायको वाफेवर वाकली. डोळे मिटले. मग सरळ बसली आणि माझ्याकडे बघून हसली.

"छान," ती म्हणाली. "छान झालंय हो."

मला ते 'छान' ओळखीचं होतं. बारशातलं 'छान'. लेकीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि तिने बघितलं असतं तर मी काय केलं असतं कोण जाणे. बायको उठून म्हणाली, "कपडे वाळले असतील, काढून आणते," आणि गॅलरीत गेली. मी पातेलं उचलून आत नेलं, गॅसवर आदळलं. स्वतःला मनसोक्त शिव्या दिल्या. सहासष्टाव्या वर्षी अक्कल नाही, साऱ्या जगाला सांगत सुटला होता, आता सांग जा म्हणावं. फोनची वाट बघत असलेली ताई आठवली आणि तिथेच बसावंसं वाटलं. तिखलं परत रटरटायला लागलं. मी खिडकी उघडली, कारण आता लावून ठेवून काय उपयोग होता?

"अहो."

गॅलरीतून आवाज आला. मी तिखलं ढवळत राहिलो.

"अहो, तिरफळं किती घातलीत?"

मी तसाच उभा राहिलो. कालथा हातात.

"अख्खी पुडी उपडी केलीत की काय?" तिचा आवाज चढला. माझ्या चुकीवर चढतो तसा, गेली दोन वर्षं न चढलेला. "कोण खाणार ते आता? जीभ बधिर होईल सगळ्यांची. पाच घालायची असतात, पाच."

ती स्वयंपाकघराच्या दारात आली. हातात वाळलेले कपडे, आणि बोलता बोलता तिला स्वतःलाच कळलं, ती काय बोलतेय ते. कपडे खाली पडले. तिने मघासारखे डोळे मिटले नाहीत. उघड्या डोळ्यांनी उभी राहिली, माझ्याकडे बघत, नाकाने श्वास घेत.

"मघाशी मी श्वासच धरून बसले होते," ती म्हणाली. "भीती वाटली हो फार."

मी रडलो. सरळ सांगतो, कालथा धरून भोकाड पसरलं. जावई धावत आला, त्याला वाटलं मला भाजलं. तिखलं अर्थात कोणाला खाता आलं नाही, कडूजहर झालं होतं. उरलेले बांगडे लेकीने तळले आणि भाताबरोबर, सोलकढीबरोबर आम्ही ते संपवले.

पण ते नंतर. त्याआधी बायको बाहेर जाऊन लेकीसमोर उभी राहिली आणि तिने हात पुढे केले. लेकीने नात तिच्याकडे दिली. ती खुर्चीत बसली, बाळाच्या डोक्यावर नाक टेकवलं आणि बराच वेळ तशीच राहिली. आम्ही तिघं उभेच. कोणी 'येतोय का' म्हणून विचारलं नाही, मीसुद्धा नाही.

मग तिने मान वर केली. "हिची टाळू कुठल्या तेलाने भरतेस गं? खोबरेल नाही हे."

लेकीने तोंड उघडायच्या आत मीच सांगितलं, "बदामाचं."

"जास्त भरता," ती म्हणाली आणि परत नाक टेकवलं.