साडूच्या कवितेतला तुरुंग

आमच्या साडूइतका गुणी माणूस आष्टी तालुक्यात नाही आणि त्याच्याइतका डोक्याला ताप देणाराही नाही, हे मी कुणाचं ऐकून सांगत नाही. चाळीस वर्षं त्याला स्वतः सोसलाय. माझी बायको थोरली, त्याची धाकली, म्हणून तो माझ्या बायकोला आक्का म्हणायचा आणि मला दाजी. मी आणि बायकोनं मिळून शेवटचं जे साधं काम केलं, त्यातही विषय त्याचाच होता. शेळीच्या खुरात बाभळीचा काटा मोडला होता. बायकोनं शेळी गुडघ्याखाली दाबून धरली, मी चिमट्यानं काटा ओढत होतो, आणि ती म्हणाली, "परवा तुमच्या साडूनं माझ्या आजीच्या सासूचं नाव इचारलं. म्हणलं, मला आजीचंच नाव धड आठवंना, तिची सासू कुठून आणू?" शेळी ओरडली, आम्ही दोघं हसलो, काटा निघाला. तिसऱ्या दिवशी सकाळी भाकरी थापता थापता ती बसल्या जागी कलंडली. डॉक्टर म्हणाले हार्ट. तव्यावरची भाकरी जळाली तेवढी मी उतरवली. त्याविषयी यापेक्षा जास्त मला लिहिता येत नाही.

साडू तरणा असताना हैदराबादला गेला, जळालेल्या पाण्याच्या मोटारींत नव्यानं तार भरायच्या कामाला. तिथं त्याला पांढरा शर्ट, गळ्यात टाय आणि छातीवर काळी पाटी लावलेले दोन परदेशी भेटले. त्यांनी काय सांगितलं कोण जाणे, सहा महिन्यांत हा डोक्यासकट पाण्यात बुडी मारून मॉर्मन, म्हणजे ख्रिस्ताला मानणाऱ्या एका पंथाचा, झाला. बायकोलाही केलं. पुढं आमच्या गावाजवळ कड्याला परत येऊन त्यानं मोटारी भरायचं दुकान टाकलं. सगळ्या बीड जिल्ह्यात त्याच्या धर्माचा तिसरा माणूस मी तरी पाहिला नाही. पण त्याला त्याचं काही वाटत नाही. दर रविवारी दुकान बंद ठेवून, ऐन मे महिन्यात पांढरा शर्ट आणि टाय घालून तो घरातच सभा भरवतो. सभेला धाकली एकटी. हाच उठून सूचना देतो, हाच गाणं म्हणतो, हाच भाषण करतो, हाच भाकरीचा तुकडा आणि पेलाभर पाणी प्रार्थना करून तिला देतो. एकदा मी मोटार आणायला गेलो आणि मला ओट्यावर तासभर बसवलं. आतून ऐकू आलं, "आज हजर सगळ्यांचे आभार." मी डोकावून पाहिलं, तर हजर सगळे भिंतीला टेकून झोपले होते.

त्यांच्यात दारू, तंबाखू नाही, ते एक बरं. पण चहाही नाही. आमच्याकडं दारात आलेल्या माणसाला आधी चहा, मग नाव. हा कपावर हात ठेवतो. गावानं ठरवून टाकलं की ह्याला शुगर आहे. कुणी त्याला कारल्याचा रस सांगायचं, कुणी जांभळाच्या बिया. तो प्रत्येकाला उभं करून सांगायचा, "शुगर न्हाई, धर्म हाय." लोक मान हलवायचे आणि बियांची पुडी हातात द्यायचे. माझ्या पोराची सोयरीक पक्की करायला आष्टीला गेलतो, तेव्हा मोठा माणूस म्हणून याला पुढं बसवला. पोरगी चहाचा ट्रे घेऊन आली, पहिला कप याच्यासमोर. यानं हात आडवा केला. पोरीच्या बापाचं तोंड उतरलं आणि आतल्या खोलीतून तिच्या आईचं मुसमुसणं ऐकू यायला लागलं. पाहुण्यानं चहाला हात लावला नाही म्हणजे पोरगी नापसंत, असं त्यांनी धरलं. मला तर तोंड कुठं लपवू असं झालं. तेवढ्यात माझी बायको बायकांतून उठली, याच्या पुढचा कप उचलला आणि उभ्यानंच एका दमात पिऊन टाकला. म्हणाली, "ह्यांच्या वाट्याचा मी पेले. पोरगी आमची झाली." परतताना गाडीत तिनं साडूची हजेरी घेतली, आणि तो शांतपणे म्हणाला, "आक्का, तुमी माझा धरम पण राखला आन् सोयरीक पण." त्याच्यावर रागावून उपयोग नसतो. त्याला राग घेताच येत नाही.

पण या सगळ्यापेक्षा गावाला चक्रावून टाकलं ते त्याच्या मेलेल्या माणसांच्या वहीनं. ज्या घरी माती झाली त्या घरी हा सगळ्यांत आधी हजर. लाकडं आणील, मंडप बांधील, आणि रडून झालं की वही काढून विचारील, "यांच्या पणजीचं माहेर कुठलं?" आधी लोकांना वाटायचं, हा जमिनीच्या वाटणीत काडी घालणार. मग जातीच्या दाखल्यांसाठी जुन्या नोंदी शोधायचं वारं आलं, आणि लोकांनी याला नोंदी शोधणारा समजून दारात रांग लावली. यानं कुणालाच परत पाठवलं नाही. तहसिलात बसून मोडीतले कागद वाचणाऱ्या म्हाताऱ्याला गाठून त्यानं कितीतरी जणांचे खापरपणजे काढून दिले. लोक झेरॉक्स घेऊन खूश, हा वहीत नावं उतरवून खूश. एकानं विचारलं, "तुमाला यातून काय मिळतं?" तर म्हणाला, "तुमचा पणजा." तो माणूस पुन्हा त्या रस्त्यानं फिरकला नाही.

शिवाय तो कविता करतो. कुणाचं लग्न असो, मोटारीचं उद्घाटन असो, याची कविता तयार. तशी ती आक्काच्या दहाव्यालाही होती.

आमच्याकडं दहाव्याला नदीवर माईक असतो. प्रवचन होतं, मग पुढारी बोलतात. त्या दिवशी एक पुढारी आले, गाडी चालूच ठेवून उतरले, "या माऊलीनं" म्हणून सुरुवात केली आणि "या माऊलीनं" म्हणूनच संपवलं. मधे कुणाच्या तरी कानाला लागून विचारून घेतलं असतं, तर तिचं नाव कळलं असतं. ते गेल्यावर साडूनं माईक हातात घेतला. पांढरा शर्ट, टाय, नदीच्या वाळूत अनवाणी. खिशातून कागद काढला आणि वाचला:

बारा बैलांच्या पाठीवर पाणी भरलंय काठोकाठ,
आक्का बसली तुरुंगात, बघती पुकाऱ्याची वाट.
धुक्यात हाताला लागंल गज, तो धरून हळू चल,
पुढं झाडाला लागलंय आक्का, पांढरंशुभ्र फळ.

दुसऱ्या ओळीलाच माणसं एकमेकांकडं बघायला लागली. मी मुंडन केलेला, ओल्या धोतरानं बसलेला, तसाच उठलो आणि त्याच्या हातातला माईक ओढला. याला मी जन्मभर पाव्हणं म्हणत आलो, त्या दिवशी तोंडातून निघालं, "का बे, काय चोरलं तिनं?" माईक चालू होता. सगळ्या नदीनं ऐकलं.

माणसं पांगली. पोरं-सुना घरी आवराआवरीला लागली. दुपारी हा कडुनिंबाखाली माझ्यासमोर येऊन बसला, कागद गुडघ्यावर ठेवून.

"आता एकएक ओळ सांगतो दाजी. मग मारायचं तर मारा."

"तुरुंगाचं सांग आधी."

"शिक्षा न्हाई ती. थांबायची जागा हाय. जे आमचं ऐकल्याबिगर गेले, ते चांगले असले तरी तिथं थांबतेत. तिथं मारझोड न्हाई, काय न्हाई. शिकवणारे येतेत. बीडच्या एसटी स्टँडवाणी समजा."

"मग स्टँडच लिहायचं की बे! दहाव्याला चारशे माणसात माझी बायको जेलात घातली."

"स्टँडवरनं माणूस उठून जाऊ शकतो, दाजी. तिथनं दार उघडल्याबिगर निघता येत न्हाई. मला खोटं लिहिता येत न्हाई."

मी म्हणालो, बैलांचं सांग. बैलात माझी हयात गेली होती. आम्ही नवरा-बायको गाडीबैल घेऊन पंचवीस गळीत हंगाम ऊस तोडायला पश्चिमेकडं जात होतो. तर साडू म्हणाला, त्यांच्या देवळात पाण्याचा मोठा हौद असतो, बारा बैलांच्या पाठीवर ठेवलेला. इस्राएल म्हणून जुना माणूस होता, त्याच्या बारा पोरांची बारा कुळं, म्हणून बारा बैल. तीन-तीन बैलांची तोंडं चार दिशांना.

"दोन बैल एका दिशेला न्यायला माझा जल्म गेला," मी म्हणालो. "बारा बैल चार दिशांना? तो हौद फुटायचा."

"दगडाचे असतेत, दाजी."

"मग ठीक हाय."

त्या हौदात जिवंत माणूस मेलेल्या माणसाच्या नावानं बुडी मारतो. नाव मोठ्यानं घेतात. मग तिकडं त्या नावाचा पुकारा होतो, आणि त्या माणसाला वाटलं तर तो दारातून बाहेर येतो. नाही वाटलं तर बसून राहतो. गज म्हणजे देवाचा शब्द, धुक्यात वाट चुकू नये म्हणून धरायचा. पांढरं फळ म्हणजे देवाची माया. हे सगळं त्यानं मोटारीची कॉइल समजावून सांगावी तसं सांगितलं. मी विचारलं, बाहेर आलेला माणूस पुढं कुठं जातो. तर म्हणाला, तीन जागा आहेत. एक सूर्यासारखी, एक चंद्रासारखी, एक चांदण्यांसारखी. सूर्याची सगळ्यांत वरची.

"तिला चंद्रच द्या म्हणावं," मी म्हणालो. "उन्हात जल्म गेला तिचा."

तो हसला नाही. म्हणाला, "सूर्याच्या जागेत पण सगळ्यात वर एकटा माणूस जात न्हाई. जोडीच जाती."

उसाच्या तोडीवर नवरा-बायकोला मिळून एक कोयता म्हणतात. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. एकट्याला अर्धा कोयता म्हणतात आणि त्याला कुणी टोळीत घेत नाही. आता मी तोच होतो. याच्या देवाचा कारखानाही तसाच निघाला.

मग त्यानं वही उघडली. एका पानावर तिच्या माहेरची सगळी नावं होती, तिच्या आजीच्या सासूचंही कुठून तरी आणलेलं होतं. मधे एक ओळ मोकळी होती.

"ही कावून सोडली? तुला काय तिचं नाव ठाऊक न्हाई?"

"ठाऊक हाय. पर जोडीदारानं दिल्याबिगर लिहायचं न्हाई, असा आमचा नियम हाय. मी गुपचूप लिहिलं असतं तर तुमाला कळलं पण नसतं."

"न्हाई देणार," मी म्हणालो. "आमचा देव हाय आमाला. तिचं काय करायचं ते तो बघंल."

"बरं," तो म्हणाला. वही मिटली. मंडपाचे बांबू सोडून, दोरखंड गुंडाळून, सांजच्याला धाकलीला घेऊन गेला. जाताना माझ्या पाया पडला, नेहमीसारखा.

त्याचं मला पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. पण तो गेल्यावर एक गोष्ट डोक्यातून निघेना. हंगामाला निघताना ट्रकपाशी मुकादम यादी वाचायचा, तेव्हा माझं नाव घ्यायचा. मी गाठोडं उचलायचो आणि ती मागून चालायची. रेशनला माझं नाव, पिकविम्याला माझं नाव. मी तिला "अगं" म्हणायचो, पोरं झाल्यावर पोराची आई म्हणायला लागलो. लग्नात तांदळात लिहिलेलं नाव तिला आवडलं नाही आणि मला आठवत नाही. माहेर सुटल्यापासून तिला तिच्या नावानं कुणी हाक मारली नव्हती. साडूचं सगळं खोटं असलं तर प्रश्न मिटला. पण खरं असलं, तर ती तिथं बसून दुसऱ्यांचीच नावं ऐकणार. यादी संपणार आणि माझी बायको तिथंच बसलेली.

सकाळी अंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसलो आणि चार किलोमीटर चालत कड्याला गेलो. साडू दुकानापुढं कुणाची तरी मोटार खोलून बसला होता. मी म्हणालो, "पाव्हणं, वही काढा."

त्यानं हाताचं ग्रीस पुसलं, साबण लावून हात पुन्हा धुतले आणि वही आणली. धाकली दारात येऊन उभी राहिली.

"मी पाण्यात उतरणार न्हाई," मी म्हणालो.

"तुमाला कुणी उतरा म्हणलं न्हाई, दाजी."

"आन् ती न्हाई म्हणली तर जबरदस्ती करायची न्हाई."

"करताच येत न्हाई."

मग मी सांगितलं, "धुरपदा." पन्नास वर्षांत पहिल्यांदा माझ्या तोंडून ते निघालं. तोंडातल्या तोंडात सांगितलं, म्हणून परत सांगावं लागलं. त्यानं मोकळ्या ओळीवर सावकाश लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. धाकलीनं पदर तोंडाला लावला. मी उठलो, चार पावलं गेलो आणि परत फिरलो.

"तिथं सांगून ठेवा," मी म्हणालो, "डाव्या कानानं तिला कमी ऐकू येतं. पुकारा जरा मोठ्यानं करा म्हणावं."

साडूनं तेही लिहून घेतलं.