लुदानाचं निधनपत्रक

झोर्नित्सा व्रबोव डोल गावात आली त्या दिवशी तिनं स्तामेनाला दहा ट्यूलिप दिले. पिवळेधमक, टवटवीत, दोऱ्यानं बांधलेले. स्तामेनानं ते हसून घेतले आणि पोरीची पाठ वळताच मोजले. मग परत मोजले. दहाच.

आता व्रबोव डोलमधलं शेंबडं पोरही सांगेल की सम संख्येत फुलं वाहायची ती मेलेल्याला. जित्याजागत्या माणसाला द्यायची ती विषम.

"उभ्याउभ्या पुरलं की हो मला त्या बयेनं!" स्तामेना पेंचोला म्हणाली. पेंचो वाचनघराचा रखवालदार. शेगडी पेटवणं, खुर्च्या मांडणं आणि स्तामेनाचं ऐकून घेणं ही त्याची तीन कामं.

"अगं, आईच्या कडेवर बसून बेल्जियमला गेली आणि तिथंच वाढली पोर. तिला काय ठाऊक आपलं."

"फुलं मोजायला काय, शाळा लागते?"

त्या दिवसापासून स्तामेनानं झोर्नित्साशी कामापुरतं बोलणंही टाकलं. पण खरं सांगायचं तर फुलं हे नुसतं निमित्त होतं. दहाच्या जागी अकरा असते तरी स्तामेनाला बारावं कारण सापडलं असतं. दुखणं वेगळंच होतं, आणि ते पोटात होतं.

स्तामेना बावीस वर्षांची असताना अकॉर्डियन गळ्यात अडकवून या वाचनघरात आली. पुस्तकं, गाणं, नाच, नाटक, सगळं त्याच एका छपराखाली, आणि सगळ्याची धनीण ती. गावातली पोरं तिला लेल्या म्हणत, म्हणजे मावशी. कान पिळून सूर शिकवणारी मावशी. तिनं गळे तयार केले आणि ते गळे मोठे होऊन स्पेनला, जर्मनीला गेले, तिथं फरशा लावू लागले, म्हाताऱ्यांची सेवा करू लागले. तिची स्वतःची मुलगीही वालेन्सियात. दर पाच वर्षांनी वृंद रिकामा व्हायचा आणि स्तामेना पुन्हा पहिल्या सुरापासून सुरुवात करायची. पोरं जातात हे तिला मान्य होतं. पण ती आपल्या हाताखालून जातात, एवढा एक मान तिनं राखला होता.

आणि आता ही बेल्जियमवाली आयत्या बिळावर नागोबा होऊन बसली. वाचनघराची मागची खोली तिला मिळाली, तरुणांना गावाच्या आणि जगाच्या कामात ओढायला म्हणे. महिन्याभरात जी पोरं तालमीला ओढून आणावी लागत, ती मागच्या खोलीत वेळेआधी हजर! शेवटी कालिनाही गेली. सतरा वर्षांची कालिना, तीस वर्षांत सापडला नव्हता असा गळा. "लेल्या, गुरुवारी मला जमणार नाही," एवढंच म्हणाली. गुरुवारी स्तामेना तीन मुलींसमोर अकॉर्डियन वाजवत बसली आणि भिंतीपलीकडून हसण्याचा असा गडगडाट आला की तिचा सूर चुकला. आयुष्यात पहिल्यांदा.

डिंकाची बाटली आणायचं निमित्त करून ती आत डोकावली. पोरं पडद्यावर केनियातल्या पोरांशी बोलत होती. तिथली एक नदी आटली होती, कुणीतरी तिच्या कोरड्या पात्रात उभं राहून हात हलवत होतं. कालिनाच्या डोळ्यांतून गंगा-जमुना वाहत होत्या.

"पाहिलंस?" स्तामेना बाहेर येऊन पेंचोवर फणकारली. "आपल्या लुदानावर मी हिच्याकडून इतकी गाणी म्हणवून घेतली, एक टिपूस नाही काढलं डोळ्यातून. आणि केनियासाठी रडतेय!"

"मग डिंक आणलास का?"

"मेला डिंक."

लुदाना म्हणजे गावाखालून धावणारी नदी. नावाप्रमाणेच वेडी. वरच्या अंगाला वीजघरानं तिचं निम्मं पाणी आधीच एका नळात घातलं होतं, आता दुसरा नळ यायचा होता. तो आला की उन्हाळ्यात नदीच्या जागी नुसते गोटे. मे महिन्यातल्या एका रविवारी वीजघराचा अभियंता पुलावर सुनावणी घेणार होता. गावानं हरकत घेतली तर महापौराला सही करता येत नव्हती. पण पहिल्या नळाच्या सुनावणीला गावातून कुत्रंही फिरकलं नव्हतं आणि "कुणाचीही हरकत नाही" असं लिहून साहेब घरी गेले होते.

झोर्नित्सा आणि तिच्या पोरांनी रंगीत फलक लावले. निळी पृथ्वी, हिरवे हात, खाली सभेची वेळ. सभेला पोरं सोडून एकटा पेंचो आला, तोही खुर्च्या परत न्यायच्या म्हणून. झोर्नित्सा रिकाम्या दालनात माईक धरून उभी राहिलेली स्तामेनानं दाराच्या फटीतून पाहिली. वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. उलट त्या रात्री तिला कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली.

दुसऱ्या दिवशी कालिना आली. खाली मान घालून दारात उभी.

"ये की. रस्ता चुकलीस वाटतं?"

"लेल्या, आमचे फलक कुणी वाचत नाही गं."

"केनियात वाचत असतील."

"टोमणे मारू नकोस. तुझे कागद मात्र सगळे वाचतात. काळ्या चौकटीचे." कालिनानं मान वर केली. "लुदानाचा एक लिहून दे ना."

गावात कुणी गेलं की घरचे आधी स्तामेनाकडे येत, कारण छपाईचं यंत्र तिच्याकडे होतं आणि शब्दही. फाटकावर, झाडावर, थांब्यावर निधनपत्रक दिसलं की घाईतला माणूससुद्धा थांबून वाचतो, आणि वाचलं की जातो. लग्नाला बोलावणं लागतं, मयताला नाही.

"ही तिची कल्पना?"

"छे! तिला तर हे अभद्र वाटतं. माझी आहे."

हे ऐकून स्तामेनाच्या छातीत जे काही उसळलं त्याला आनंद म्हणावं की सूड, देव जाणे. तिनं चष्मा पुसला आणि बसली. 'अत्यंत दुःखानं कळवतो की आमची लाडकी लुदाना, सगळ्या गावाची आई, दीर्घ आजारानंतर आम्हाला सोडून गेली. अंत्यविधी रविवारी, पुलावर.' मग शोकाकुल आप्तांची नावं. पोरांची सगळी घातली. पेंचोचं घातलं. स्वतःचं सगळ्यात वर. झोर्नित्साचं नाही.

कालिनानं वाचलं. "एक नाव राहिलं, लेल्या."

"राहिलं नाही. ती कुठली आपली आप्त?"

आप्तांच्या नावांतून एखाद्याला गाळणं म्हणजे काय ते व्रबोव डोलमध्ये समजावून सांगावं लागत नाही. सख्खे भाऊ त्यावरून जन्मभर बोलत नाहीत. कालिनाचे ओठ हलले, पण कागद हवा होता म्हणून तो उचलून ती निघून गेली.

रविवारी पुलावर अख्खं गाव लोटलं. बायका काळे रुमाल बांधून, हातात जोडीजोडीनं फुलं. कुणी मयताला वाटतात ते साखर घातलेले शिजवलेले गहू आणले होते, कुणी राकिया दारूची बाटली. दोन म्हाताऱ्यांनी तर कोण गेलं हे न विचारताच गळा काढला. स्तामेना पिओनीची चार फुलं छातीशी धरून मधोमध उभी होती आणि जो तो येऊन तिचा हात हातात घेत होता. "काय लिहिलंयस, स्तामेना! काळजाला घरं पडली." तिची नजर मात्र गर्दीत एकीलाच शोधत होती. बघ म्हणावं, गाव असं गोळा करतात.

झोर्नित्सा शेवटी आली. हातात तीन फुलं.

"अगं पोरी, तीन काय आणलीस?" बायका कुजबुजल्या. "मयताला जोडी लागते. एवढंही ठाऊक नाही?"

झोर्नित्सा लालबुंद झाली, पण बोलली स्तामेनाशीच. "ठाऊक आहे. जिवंताला विषम. तुमच्यामुळेच कळलं."

"माझ्यामुळे? मी कधी तुझ्याशी बोलले?"

"तेच ना. का बोलत नाही, ते परवा कालिनाकडून काढून घेतलं. दहा ट्यूलिप." तिचा आवाज खाली आला. "पण लुदाना अजून गेली नाहीये, लेल्या. म्हणून तीन."

स्तामेनाच्या अंगाचा तिळपापड झाला. ही कोण मला माझीच रीत शिकवणार? ती तोंड उघडणार तोच अभियंता पुढं झाला. भिंतीवरून काढलेलं निधनपत्रक त्याच्या हातात होतं, आणि माणूस हुशार होता.

"मंडळी, तुमच्या दुःखात मी सहभागी आहे," तो हसून म्हणाला. "तुम्हीच छापलंय, नदी गेली. गाव अंत्यविधीलाही आलंय. मग मेलेल्या नदीच्या पाण्यावर हरकत कोण घेणार? नोंद करतो, गाव निरोप द्यायला आलं होतं."

महापौरानं लगेच पेनाचं टोपण काढलं. कागदावर काळ्या चौकटीत, गावाच्या सगळ्यात विश्वासू शब्दांत लिहिलेलं होतं. त्यावर गाव काय बोलणार? हळूहळू एकेक मान स्तामेनाकडे वळली.

स्तामेनाला कळलं. नदी नळानं मरायची ती मरेल, पण आज तिला आपण पुरलं. पोरांची लाडकी व्हायला, त्या पोरीला खिजवायला. आणि या साहेबाला उत्तर आहे ते अख्ख्या पुलावर फक्त त्या पोरीच्या हातात, तीन फुलांत. तिला स्वतःचा राग आला, आणि त्याहून जास्त झोर्नित्साचा, कारण ती बरोबर होती.

तिनं आपल्या चारांतली एक पिओनी उपटून काढली आणि उरलेल्या वर धरल्या.

"मोजा, साहेब!" तालमीतला, कान पिळणारा आवाज. "तीन आहेत. तीन फुलं आमच्याकडे जित्या माणसाला देतात. लिहिणारी बाई चुकली, म्हातारी झालीय, तिचं मनावर घेऊ नका. आमची लुदाना आजारी आहे, आम्ही भेटायला आलोय. आणि आजारी माणसाचं पाणी तोडू देणार नाही!"

मग पहिल्या म्हातारीनं रडणं थांबवून आपल्या जुडीतलं एक फूल काढून टाकलं. मग दुसरीनं. बघता बघता पूलभर फुलंच फुलं पडली आणि सगळ्या हातांत विषम उरली. "लिहा, हरकत आहे!" पेंचो ओरडला, गेल्या कित्येक वर्षांत त्याला कुणी ओरडताना ऐकलं नव्हतं. समोर एवढी मतं उभी पाहून महापौरानं टोपण परत लावलं.

मग पोरं धावली. स्तामेनानं हात थोडे पसरलेही होते. पण पोरं सरळ झोर्नित्साच्या गळ्यात पडली, कालिना सगळ्यांत आधी. स्तामेनानं पसरलेले हात रुमाल नीट करायला वर नेले.

थोड्या वेळानं झोर्नित्सा गर्दीतून सुटून तिच्यापाशी आली. पुलावर पडलेल्यांतलं एक फूल तिनं उचललं, झटकलं आणि स्तामेनापुढं धरलं.

"त्या दहांच्या जोडीला द्यायचा राहिलेला, लेल्या. अकरावा."

स्तामेनानं फूल घेतलं. काही बोलावं म्हणून "फलकावरची पृथ्वी भलतीच निळी काढता तुम्ही," असं म्हणाली, आणि गुरुवारी पोरांना अर्धा तास तरी तालमीला सोड म्हणून बजावलं. उद्या पत्रकावर शेवटी एक नाव हातानं का होईना घालावं लागेल, हेही तिनं मनाशी कबूल केलं.

पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. ते फूल हातात धरून ती घराचा चढ चढत होती, आणि वाटभर तिला एकच गोष्ट खात होती: अकरावं फूल ही गोष्ट तरी आपल्याला आधी सुचायला हवी होती.