इसको बढिया कर दो

मी भिलाईत आलो तेव्हा कारखान्याच्या भट्ट्या अजून उभ्या राहायच्या होत्या, आणि आमच्या क्वार्टरांच्या ओळीत मराठी कळणारे दोघेच होतो, मी आणि माझा कुत्रा. डावीकडे पंजाबी मिस्त्री, उजवीकडे तेलुगू वेल्डर, समोर बंगाली. भंडाऱ्याकडची माणसं कॅम्पात पुष्कळ होती, नाही असं नाही. पण माझं तोंड फटकळ. निम्म्यांशी मी भांडलेलो आणि उरलेल्यांनी त्या निम्म्यांची बाजू घेतलेली. आई वारल्यावर गावचं घर बंद झालं, तेव्हा तिच्या अंगणातला हा कुत्रा मी सोबत आणला. शिफ्टवरून आलो की दिवसभराचं साचलेलं सगळं त्याच्यापुढे ओतायचो. लोकांना वाटे, हा माणूस वेडा आहे. वाटो.

पण कुत्र्याचं आयुष्य ते केवढं! त्याच्या तोंडाभोवतीचे केस पांढरे व्हायला लागले तशी माझी धाकधूक वाढली. हा गेल्यावर मी बोलायचं कोणाशी? मग ठरवलं, याचं एक पिल्लू हवं. आईचं दूध सुटलं की घरी आणायचं आणि मराठीत वाढवायचं. मिस्त्रीकडे एक कुत्री होती, तोही हसत तयार झाला. ती माजावर आली, दोघं जुगली, सगळ्या ओळीनं पाहिलं आणि सगळ्यांत निर्लज्जपणे मी पाहिलं. तरी ती काही गाभण राहिली नाही. पुढच्या माजाला तर आमचे हे महाराज तिला नुसतं हुंगून परत आले आणि दारात झोपले.

"कावून रे," मी त्याला म्हटलं, "येवढी चांगली पोरगी, अन् तू झोपून राहिला?"

मग लक्षात आलं, तो मागचे पाय फाकवून चालतोय आणि सारखा एकाच जागी चाटतोय. पाहिलं तर एक अंड लिंबाएवढं सुजलेलं, दगडासारखं कडक. हात लावू देईना.

सुट्टीच्या दिवशी त्याला गोणपाटात गुंडाळून सायकलच्या कॅरिअरवर बांधलं आणि दुर्गच्या गुरांच्या दवाखान्यात नेलं. आवारात सगळे बैलच बैल. डॉक्टर घाईत होते. माझी हिंदी म्हणजे मराठीलाच 'है' जोडलेली. त्यातला एक शब्द मात्र मला फार आवडायचा. काम नीट झालं की आमचा फोरमन म्हणायचा, "बढिया!" मी सुजलेली जागा दाखवली, याला पिल्लं होत नाहीत हेही सांगितलं, आणि हात जोडून म्हटलं, "डॉक्टरसाब, इसको बढिया कर दो."

डॉक्टरांनी वर पाहिलं. "बधिया?"

"हां. एकदम बढिया."

"दोनों?"

मला वाटलं, दोन्ही तक्रारी म्हणतात, सूज आणि पिल्लांची. केवढा बारकाईनं विचारणारा माणूस! मी म्हटलं, "हां साब, दोनों."

कुत्रा बाहेर आणला तेव्हा गुंगीत होता. मागच्या पायांच्या मधे टाके, आणि पिशवी रिकामी. मी ओरडलोच. डॉक्टरही चिडले, म्हणाले, "आपही ने तो बोला, बधिया कर दो!" त्या आवारातले बैल कशासाठी बांधलेत ते मला तेव्हा समजलं. आम्ही ज्याला खच्ची म्हणतो त्याला इकडे बधिया म्हणतात. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. आणि मारुती तर ब्रह्मचारीच.

मी तिथंच ओट्यावर बसून रडलो. डॉक्टर जरा नरमले. त्यांनी बशी आणून दाखवली. सुजलेल्या अंडात गाठ होती, आणि दुसरं सुकून वाटाण्याएवढं झालेलं. "इससे पिल्ला अब होना ही नहीं था," ते म्हणाले. "गाठ रहती तो ये भी नहीं रहता." म्हणजे माझ्या चुकीच्या हिंदीनं त्याचा जीव वाचला होता. मी आभार मानले नाहीत. आजही मानावेसे वाटत नाहीत, कारण मला तो एकटा नको होता, त्याच्यानंतरचाही कोणी हवा होता.

मिस्त्रीला सांगितलं तर तो पोट धरून हसला. दोन दिवसांत सगळ्या ओळीला कळलं. जो तो विचारी, "क्यों भाई, बढिया?" मी दार लावून घ्यायचो. मिस्त्रीच्या कुत्रीला पुढे रस्त्यावरच्या कुठल्याशा कुत्र्यापासून पिल्लं झाली. एक त्यानं माझ्या दारात आणून ठेवलं. बिचाऱ्याला वाईट वाटलं असणार. मी ते परत नेऊन दिलं. म्हटलं, "मेरेवाले का नही है."

कुत्रा चांगला बरा झाला. गोल झाला, खादाड झाला, आणि कोणी धरलं नव्हतं इतकी वर्षं जगला. मी रोज त्याला म्हणायचो, "मले सोडून जाशीन तर याद राख." तो शेपूट हलवायचा. शेवटच्या वर्षी तो शेपूट हलवेनासा झाला. मला वाटलं, रुसला. मग एकदा त्याच्या मागे ताटली पडली, मोठा आवाज झाला, आणि त्यानं मान वळवली नाही. त्याला ऐकू येत नव्हतं, आणि कधीपासून ते मला माहीत नव्हतं. मी खाली त्याच्याजवळ बसलो आणि त्या दिवशी प्लांटमध्ये काय काय झालं ते सगळं त्याला सांगितलं.